कोलंबसाचीं गलबतें आणि कुणब्याचें बियाणें

इ. स. १४९२ च्या ऑक्टोबर महिन्यांत कोलंबस नांवाच्या दर्यावर्दीनें अमेरिकेचा शोध लावला, असें आमच्या मुलांकडून शाळेंत घोकून घेतलें जातें. घोकणाऱ्या मुलानें गुरुजींस एक साधा प्रश्न विचारावा: गुरुजी, त्या दिवशीं त्या मुलखांत माणसें होतीं कीं नव्हतीं? होतीं, आणि लाखोंनीं होतीं. त्यांचीं शेतें होतीं, बाजार होते, शहरें होतीं. कोलंबस निघाला होता हिंदुस्थानचा रस्ता हुडकायला. तो भलत्याच किनाऱ्याला लागला, आणि आपण हिंदुस्थानाजवळ आलों अशा समजुतीनें त्यानें तेथल्या लोकांना ‘इंडियन’ म्हणून टाकलें. तें चुकीचें नांव त्यांच्या कपाळीं पांचशें वर्षें चिकटून राहिलें. वाट चुकून दुसऱ्याच्या वाड्यांत शिरलेल्या माणसानें वाड्याचा शोध लावला, असें आपण गांवांत कधीं म्हणत नाहीं. मग पुस्तकांत कां म्हणावें?

आमचें मत असें कीं, अमेरिकेचा खरा शोध कोलंबसाच्या हजारों वर्षें आधीं लागला होता. तो लावणारे तेथले कुणबी होते, कोष्टी होते, आणि दगडी पाट्यावर मका वाटणाऱ्या बाया होत्या. त्यांचीं नांवें कोणत्याहि बखरींत नाहींत. राजे आणि कप्तान यांचीं मात्र पुतळ्यांसकट आहेत. या लोकांजवळून जगानें काय नेलें आणि त्यांच्या पदरांत काय टाकलें, याचा हिशेब आज वाचकांपुढें मांडतों. सावकाराची वही आपण पुष्कळ वेळां ऐकली. आज कुळाची वही वाचूं.

प्रथम जमेची बाजू. मेक्सिकोंत सुमारें नऊ हजार वर्षांपूर्वीं तेओसिंते नांवाचें एक रानगवत उगवत असे. त्याच्या कणसाला जेमतेम पांच ते बारा दाणे, आणि तेहि दगडासारख्या टणक कवचांत. तेथल्या शेतकऱ्यांनीं दर हंगामाला त्यांतलें बरें कणीस निवडून बियाण्यासाठीं राखलें. पिढ्यान् पिढ्या हें निवडणें चाललें, तेव्हां त्या गवताचा मका झाला. दक्षिण अमेरिकेंत आँदेस पर्वताच्या उंचावरील लोकांनीं अशीच कडू, विषारी रानटी कंदांतून बटाट्याची जात काढली. मिरची, टोमॅटो, भुईमूग, रताळें, तंबाखू, काजू, अननस, पपई, पेरू, सीताफळ, लाल भोपळा, आणि आज हिंदुस्थानांत सर्वत्र पेरला जातो तो आंखूड बोंडांचा नव्हे तर लांब धाग्याचा अमेरिकन कापूस, हीं सगळीं त्याच लोकांच्या हातचीं. हे लोक लिहिणारे पंडित नव्हते. बी राखणें, पारखणें आणि पुढच्या पिढीच्या ओटींत घालणें हीच त्यांची विद्या होती, आणि आम्ही तिला विद्या म्हणतों.

आतां त्यांच्या पदरांत काय पडलें तें पहा. कोलंबसाची दुसरी सफर १४९३ सालची. या वेळीं गलबतें होतीं १७ आणि माणसें हजारावर. बरोबर घोडे, गाई, डुकरें, मेंढ्या, कोंबड्या, गहूं आणि उसाच्या कांड्या होत्या. अमेरिकेंत जनावरें थोडीं. लामा, अल्पाका, टर्की कोंबडा, एक लहानसा गिनी-उंदीर आणि कुत्रा एवढाच काय तो त्यांचा पाळीव परिवार. त्यामुळें तेथल्या शेताला कुंपणाची गरज कधीं पडली नव्हती. स्पेनच्या लोकांनीं गुरें आणि डुकरें मोकळीं सोडलीं, तीं वाढतां वाढतां हजारोंनीं झालीं आणि उभ्या मक्यांत शिरलीं. गुरें साहेबाचीं आणि पीक रयतेचें, मग दाद कोणाकडे मागायची? मेक्सिकोंतल्या गांवकऱ्यांनीं कचेऱ्यांतून फिर्यादी केल्या, त्यांचे कागद आजहि आहेत. ज्याच्या शेतांत पाटलाचीं किंवा इनामदाराचीं गुरें एकदां तरी शिरलीं असतील, त्याला हें प्रकरण अधिक समजावून सांगणें नको.

परंतु गुरांपेक्षां भयंकर वस्तु गलबतांतून उतरली, ती डोळ्यांना दिसत नव्हती. देवी, गोवर असले रोग जुन्या जगांत दाट वस्तींत आणि गुराढोरांच्या सहवासांत हजारों वर्षें मुरलेले होते. लहानपणीं देवी आल्या म्हणजे मूल दगावे, नाहींतर जन्मभरासाठीं सुटे. अमेरिकेच्या लोकांना या रोगांचा वाराहि लागलेला नव्हता. तेथें रोग शिरला तेव्हां घरांतलीं म्हातारीं, तरणीं, लेंकरें एकाच वेळीं अंथरुणाला खिळलीं. पाणी पाजायला माणूस उरला नाहीं, पीक काढायलाहि उरला नाहीं.

हिस्पॅनिओला हें बेट म्हणजे आजचें हैती आणि डोमिनिकन प्रजासत्ताक. तेथले मूळ रहिवासी ताईनो लोक. १५१४ सालीं स्पेनच्या अधिकाऱ्यांनीं वेठीला वांटून देण्यासाठीं त्यांची मोजणी केली, ती पंचवीस-सव्वीस हजारांच्या आसपास भरली. कोलंबस आला तेव्हां ते याच्या कितीतरी पट होते. १५१८ च्या अखेरीस देवीची साथ आली आणि उरलेल्यांतले बहुत लोक गेले. तीस वर्षांनीं ओव्हिएदो नांवाच्या स्पॅनिश इतिहासकारानें लिहून ठेविलें कीं, आतां पांचशें तरी उरले असतील कीं नाहीं याची शंका आहे. मिसळलेल्या रक्तानें त्यांचा वंश आजहि कांहीं कुटुंबांत जिवंत आहे; पण लोक म्हणून ते अवघ्या दोन पिढ्यांत मोडून गेले.

तीच गत मेक्सिकोची. १५२० सालीं तेनोच्तित्लान या राजधानींत देवी पसरली, राजा क्वित्लावाक तिनेंच मेला, आणि पुढच्या वर्षीं ऑगस्टच्या १३ तारखेला शहर कोर्तेस या स्पॅनिश सरदाराच्या हातीं पडलें. पेरू देशांत इंका राजा वायना कापाक हा साथीनें गेला. ती साथ देवीचीच असावी असें बहुतेक इतिहासकार मानतात. गादीसाठीं त्याचे दोन मुलगे लढले. घर आंतून फुटलेलें असतां पिझारो १६८ माणसें घेऊन आला, आणि १५३२ च्या नोव्हेंबरांत त्यानें अताहुआल्पा राजाला कैद केलें. इतक्या मूठभर लोकांनीं एवढें राज्य घेतलें तें शौर्यानें घेतलें, असें सांगण्याची चाल आहे. अर्धें काम रोगानें आणि भाऊबंदकीनें आधींच करून ठेविलें होतें, हें मात्र सांगत नाहींत.

येथें कोणी शहाणा म्हणेल, ‘रोग तर दैवाचा फेरा; त्यांत माणसांचा काय दोष?’ हें म्हणणें आम्हांला मान्य नाहीं. रोगाचें बी न कळत आलें, हें खरें. त्या काळीं जंतूंची विद्या कोणालाच नव्हती. पण रोग्याला खाणींत कोणी जुंपलें? पेरणीच्या दिवसांत बाप्यांना सोनें धुवायला कोणी नेलें? आज पेरूच्या शेजारीं बोलिव्हिया देश आहे, तेथें पोतोसी या डोंगरांत १५४५ सालीं चांदी सांपडली. गांवोगांवचे लोक पाळीपाळीनें त्या डोंगराच्या पोटांत वेठीला पाठविण्यांत आले. मेक्सिकोंत १५४५ आणि १५७६ या सालीं ज्या दोन मोठ्या साथी आल्या, त्यांत लाखोंनीं लोक मेले. पहिल्या साथींत पुरलेल्या माणसांच्या दांतांची तपासणी झाली, तिचा निकाल २०१८ सालीं छापला गेला. त्यांत मुदतीच्या तापाच्या जातकुळींतले जंतु सांपडले. असला ताप घाणेरडें पाणी, गर्दी आणि उपासमार यांच्या आधारानें वाढतो. भरल्या पोटाच्या आणि स्वतंत्र माणसालाहि रोग होतो, पण अर्धपोटीं आणि वेठीला जुंपलेल्या माणसाला तो सोडीत नाहीं. एवढा भेद ज्याला कळत नाहीं, त्यानें दुष्काळांतल्या मजुराच्या झोंपडींत एक रात्र काढावी.

माणसें संपलीं तेव्हां कष्ट कोणी करायचे, हा प्रश्न मालकांपुढें उभा राहिला. कोलंबसानें नेलेला ऊस बेटांच्या जमिनींत चांगला मानवला होता. हा ऊस आपल्या ओळखीचा. त्याच्या रसाची साखर करण्याची युक्ति हिंदुस्थानांतून इराण आणि अरबस्थान या मार्गानें पश्चिमेला गेली. आपल्या शर्करेचें नांव अपभ्रंश होत होत युरोपच्या भाषांत अजून नांदतें. ज्या युक्तीनें आपल्या गुऱ्हाळांत गूळ झाला, तिनेंच समुद्रापलीकडे गुलामांचे मळे उभे केले. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत सुमारें सव्वा कोट माणसें गलबतांत कोंबलीं गेलीं. पलीकडे जिवंत उतरलीं तीं एक कोट सात लाखांच्या आसपास. उरलेल्यांना समुद्रानें गिळलें. लास कासास नांवाचा एक स्पॅनिश धर्मगुरु मूळ रहिवाशांची बाजू घेऊन आयुष्यभर भांडला. त्यालाहि सुरुवातीला असें वाटलें कीं, यांना सोडवायचें तर आफ्रिकेचे गुलाम आणावे. पुढें त्याला त्या सल्ल्याचा पश्चात्ताप झाला. एकाच्या मानेवरचें जूं काढून दुसऱ्याच्या मानेवर ठेवणें ही सुटका नव्हे, हें त्या भल्या माणसाला उशिरां कळलें. आपल्याकडच्या पुष्कळ सुधारकांना तें अजून कळायचें आहे.

आतां या हिशेबांतली आमच्या मतें सर्वांत मोठी रक्कम सांगतों. गलबतवाल्यांनीं बी नेलें, पण बी पिकविणाऱ्याला त्याची अक्कल विचारली नाहीं. मेक्सिकोची बाई मका चुन्याच्या पाण्यांत उकळून, रात्रभर भिजवून, मग पाट्यावर वाटी. युरोपच्या शहाण्यांना ती अडाण्याची रीत वाटली. त्यांनीं मका नेला, चुना तेथेंच ठेविला. स्पेन आणि इटली या देशांतले गरीब शेतकरी नुसत्या मक्यावर जगूं लागले, आणि त्यांच्या अंगाची कातडी खरबरीत होऊन सोलूं लागली, हगवण लागली, पुढें वेड लागून माणसें मरूं लागलीं. कासाल नांवाच्या वैद्यानें १७३५ सालीं स्पेनमध्यें हा रोग प्रथम नोंदला. पुढें इटलींत त्याला ‘पेलाग्रा’ हें नांव पडलें. कोणी म्हणे मका कुजका, कोणी म्हणे जंतु. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेच्या दक्षिण भागांतले गरीब गोरे आणि काळे मजूर यांच्यांत हाच रोग हजारोंनीं पसरला, तेव्हां गोल्डबर्गर नांवाच्या डॉक्टरानें हा रोग निकृष्ट अन्नाचा आहे असें दाखवून दिलें. १९३७ सालीं त्यावरचें औषध नायसिन हें जीवनसत्त्व आहे असें ठरलें. मक्यांत तें असतें, पण बांधलेलें असतें. चुन्याच्या पाण्यानें तें मोकळें होतें. म्हणजे जें कळायला प्रयोगशाळांना दोनशें वर्षें लागलीं, तें मेक्सिकोच्या बाईच्या हातीं हजारों वर्षें होतें. तिला कारण सांगतां आलें नसतें, पण तिचीं लेंकरें त्या रोगानें मेलीं नाहींत. शिवाय ती मक्याच्या शेतांतच घेवडा आणि भोपळा लावी, जशी आपण ज्वारींत तूर पेरतों.

बटाट्याची कथा याहून कडू. आँदेसमधला शेतकरी एका शेतांत अनेक जातींचे बटाटे लावतो. तेथें आजहि हजारों जाती आहेत. एक कडाक्याच्या थंडींत टिकते, एक कोरड्या वर्षीं, एक किडीला दाद देत नाहीं. पीक जास्त आलें तर रात्रीच्या दहिंवरांत गोठवून, पायानें तुडवून, उन्हांत वाळवून तो वर्षानुवर्षें टिकेल असें ठेवतो, जसे आपल्या बाया सांडगे, कुरडया घालतात. युरोपांत गेल्या त्या मोजक्या जाती. आयर्लंडच्या गरीब कुळांनीं तर बहुतेक एकच जात धरली, कारण धान्य आणि गुरें विकून खंड भरावा लागे आणि उरलेल्या तुकड्यांत पोट भरेल असें दुसरें पीक नव्हतें. १८४५ सालीं करपा आला आणि एकजात बटाटा शेतांतच काळा पडून सडला. १८४१ च्या खानेसुमारींत त्या देशाची वस्ती ८१ लाखांवर होती. १८५१ सालीं ती ६५ लाखांवर आली. सुमारें दहा लाख मेले आणि तितकेच देशोधडीला लागले. त्याच वर्षांत आयर्लंडच्या बंदरांतून धान्य आणि गुरें विलायतेला जात होतीं. लंडनच्या खजिन्यांत बसून मदतीचा हात आखडणारा अधिकारी ट्रेव्हेल्यन हा आधीं हिंदुस्थानांत नोकरी करून गेला होता, आणि पुढें १८५९ सालीं मद्रासचा गव्हर्नर होऊन आला. रोग बटाट्यावर पडला हें निसर्गाचें काम. माणसें मेलीं तें खंडाचें आणि राज्यकर्त्यांच्या मताचें काम.

हीं पिकें आपल्याकडे आलीं तीं मुख्यतः पोर्तुगीजांच्या गलबतांतून. १५०० सालीं हिंदुस्थानकडे निघालेला त्यांचा ताफा ब्राझीलला लागला आणि १५१० सालीं त्यांनीं गोवा घेतलें. एकाच राजाच्या हातीं दोन्ही किनारे आले, मग मिरची, काजू आणि अननस यांना रस्ता मोकळा झाला. तंबाखू दक्षिणेंत इतकी लवकर रुजली कीं, अकबराच्या असद बेग नांवाच्या वकिलानें ती विजापुरांत प्रथम पाहिली आणि १६०४ च्या सुमारास बादशहाला नेऊन नजर केली. त्याच वाटांनीं गरमीचा रोगहि आला. हा अमेरिकेंतून युरोपांत आला असावा याकडे बराच पुरावा बोट दाखवितो. आपल्या वैद्यांनीं मात्र तो फिरंग्यांकडून आला हें नेमकें ओळखलें, आणि भावप्रकाश या ग्रंथांत त्याला ‘फिरंग’ असेंच नांव दिलें.

वाचकहो, एक गोष्ट ध्यानांत घ्या. बटाटा हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला. त्यांनीं स्पॅनिशांकडून घेतला. आणि स्पॅनिशांनीं तो घेतला ताईनो लोकांकडून, त्यांच्या भाषेंत तो रताळ्याचा शब्द होता. ते लोक दोन पिढ्यांत मोडून गेले. त्यांचा शब्द मात्र आज आपल्या चुलीपाशीं रोज उच्चारला जातो. ज्यांना मूठमाती द्यायलाहि कोणी उरलें नाहीं, त्यांचें एवढेंच स्मारक.

आणि उपासाचें ताट पाहिलें आहे काय? साबुदाणा हल्लीं ज्या टॅपिओका कंदाचा होतो तो दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणे, बटाटा, रताळें, हिरवी मिरची हीं तिकडचींच. राजगिराहि मेक्सिकोकडचा; तेथले लोक त्याच्या पिठाच्या मूर्ती करून देवकार्यांत वापरीत. समुद्र ओलांडणाऱ्या माणसाला ज्यांनीं प्रायश्चित्त सांगितलें, त्यांनीं समुद्र ओलांडून आलेल्या बटाट्याला प्रायश्चित्त विचारलें नाहीं. उलट एकादशीच्या ताटांत मानाचें पान दिलें. आम्हांला त्याचें दुःख नाहीं, आनंदच आहे. म्लेंच्छाच्या शेतांतला कंद पोटांत गेल्यावर जर पावन होतो, तर शेजाऱ्याच्या हातचें पाणी कां होत नव्हतें, एवढाच आमचा प्रश्न आहे.

या देवघेवींत एक चांगली बाजूहि आहे, ती न सांगणें लबाडीचें होईल. जेनर यानें १७९६ सालीं गाईच्या देवींपासून लस काढली. १८०२ सालीं मुंबईंत ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली, हिंदुस्थानांतली ती पहिली. १८०३ सालीं स्पेनहून बाल्मिस नांवाचा डॉक्टर लस घेऊन अमेरिकेला निघाला. बर्फ नाहीं, यंत्र नाहीं. लस वाटेंत मरूं नये म्हणून २२ अनाथ मुलें बरोबर घेतलीं आणि एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर टोचीत ती पलीकडे पोंचविली. ज्या समुद्रानें रोग नेला, त्यानेंच तीनशें वर्षांनीं औषध नेलें. आणि तेंहि वाहिलें कोणाच्या अंगावर, तर ज्यांना आईबाप नव्हते अशा पोरांच्या. देवीचा शेवटचा रोगी हिंदुस्थानांत १९७५ सालीं निघाला, आणि १९८० सालीं ती जगांतून नाहींशी झाल्याचें जाहीर झालें. टोचायला आलेल्या माणसाला पाहून ज्यांनीं पोरें लपविलीं, त्यांच्या नातवंडांनीं हें विसरूं नये.

आतां शेवटचें आणि कामाचें. बी एकाचें आणि नांव दुसऱ्याचें, हा खेळ कोलंबसाबरोबर संपलेला नाहीं. २०१९ सालीं एका परदेशी कंपनीनें गुजरातच्या बटाटा पिकविणाऱ्या शेतकऱ्यांवर, आमच्या हक्काची जात तुम्ही लावली म्हणून, कोटीच्या घरांतले दावे लावले. चहूंकडून ओरड झाली तेव्हां ते मागें घेतले. बटाटा आँदेसच्या कुणब्यानें घडविला आणि त्याचा दावा गुजरातच्या कुणब्यावर! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. आपल्या विदर्भांत आणि मराठवाड्यांत देशी कापूस मागें पडला आणि संकरित अमेरिकन कापूस आला. त्याचें बी घरीं राखून पेरलें तर तें मूळ वाणावर जात नाहीं, म्हणून दरसाल दुकानापुढें उभें रहावें लागतें. संकरित बियाणें घेऊंच नका असें आम्ही म्हणत नाहीं. पीक आलें तर पोट भरतें. पण सगळा डाव एकाच वाणावर लावूं नका. आयर्लंडनें लावला होता. १९७० सालीं अमेरिकेंत मक्यानेंहि तीच वाट धरली. बहुतेक शेतांत एकाच कुळींतला संकरित मका होता, त्यावर करपा आला आणि सुमारें सातवा हिस्सा पीक बुडालें.

म्हणून दोन एकरांचा शेतकरी असला तरी त्यानें घरची ज्वारी, घरची तूर, घरची मिरची यांचें एक तास तरी राखावें. मडक्यांत राखेंत घालून बी जपणाऱ्या म्हातारीला ‘तुला काय कळतें’ असें न म्हणतां तिच्याजवळ बसून विचारावें. २००१ सालच्या कायद्यानें आपलें बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला आहे. कंपनीच्या छापाखालीं मात्र तें विकतां येत नाहीं. आपण जतन केलेला वाण आपल्या नांवें नोंदवितांहि येतो. हा हक्क कागदावर पडून राहिला तर उद्यां कोणी दुसराच आपल्या बांधावरच्या वाणाचा ‘शोध’ लावील, आणि आपलीं नातवंडें शाळेंत त्याचें नांव घोकतील.